साखर उद्या मिळेल

मित्रांनो, मी बातम्यांची एक जुनी पाटी आहे, आणि माझी आजची पहिली बातमी म्हणजे दीप्तीविरुद्धची तक्रार आहे.

नागपूरच्या बेसा भागातल्या तिच्या नव्या घरात तिनं मला स्वयंपाकघरात टांगलं. टांगलं ते टांगलं, वर खडूनं लिहिलं, ‘उद्या आजीकडे जायचं.’ आजी म्हणजे तिच्या वडिलांची आई, सिंधूताई. राहते हुडकेश्वरला, ऑटोनं वीस मिनिटंही लागत नाहीत. या ओळीला आज बावीस दिवस झाले. खाली किराण्याची यादी चारदा बदलली, गॅसवाल्याचा नंबर आला आणि गेला, ही ओळ मात्र जिथल्या तिथं. ज्या पाटीवर रोज सकाळी सगळं जग पुसून नवं लिहायचे, तिच्या कपाळी हा शिळा उद्या!

माझं शिक्षण विचाराल, तर अंगावर जेवढं लिहिलं गेलं तेवढंच, आणि तेही रोजच्या रोज पुसलेलं. पण घराणं लष्करी आहे बरं का. मोठी लढाई संपली आणि कामठीच्या छावणीतल्या सामानाच्या पेट्या लिलावात निघाल्या. त्यांच्या फळ्या सुतारानं जोडल्या, कोळशाची पूड आणि डिंक फासून मला काळंभोर केलं आणि मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या दारात उभं केलं. तिथं पेपर एकच यायचा आणि वाचता येणारे पाच-सहा. म्हणून दीप्तीचा आजोबा देवाजी कापडगिरणीत जाण्याआधी त्यातल्या ठळक बातम्या माझ्यावर उतरवायचा. तो चौथी शिकला होता, म्हणजे मोहल्ल्याच्या मानानं पंडितच. वरच्या सहा ओळी देशाला आणि जगाला, तळाची एक ओळ मोहल्ल्याला. वरचं रोज पुसायचं. तळाची ओळ मात्र मोहल्ल्यात नवं काही घडेपर्यंत तशीच ठेवायची, अशी त्याची रीत. या रीतीनंच घात केला.

एकोणपन्नास सालची दिवाळी तोंडावर आली होती. साखर रेशनवर, आणि रेशनच्या दुकानात साखरेचा दाणा नाही. सोमवारी देवाजीनं तळाला लिहिलं, ‘साखर उद्या मिळेल.’ मंगळवारी दुकानासमोर ही रांग! साखर आलीच नाही. बुधवारी देवाजीनं वरच्या सहा ओळी पुसल्या, दूरच्या कुठल्या तरी राजाची बातमी झोकात लिहिली आणि गिरणीत निघून गेला. तळाला तेच, ‘साखर उद्या मिळेल.’ पुन्हा रांग. गुरुवारी मोहल्ल्यातली यमुताई रिकामी पिशवी हलवत आली आणि तिनं त्याला माझ्यासमोरच गाठलं.

“काहून गा देवाजी, तुह्या उद्याले काही तारीख आहे का नाही?”

“माही काय चूक वं यमुताई? मी सोमवारी लिहिलं. उद्या म्हणजे मंगळवार.”

“मंग आज गुरुवारीई उद्याच काहून लिहून आहे? तुह्या पाटीवर मंगळवार उजाडतच नाही का?”

लोक पोट धरधरून हसले. मीही हसले असते, पण ते खोटं माझ्या अंगावर होतं. आणि रांगेच्या शेपटीला सोळा वर्षांची एक मुलगी तीन दिवस उभी होती. ती म्हणजे देवाजीची नवी नवरी, सिंधू. तिला अक्षर येत नव्हतं. नवऱ्यानं लिहिलं ते खरंच असणार, एवढंच तिला ठाऊक.

ती हसली नाही. माझ्यापुढं येऊन म्हणाली, “मले वाचाले शिकवा जी. तुमच्या भरोशावर मी आता रांगेत नाही उभी राहत.”

त्या दिवसापासून देवाजीनं बिनतारखेचा उद्या कधी लिहिला नाही. आणि ती, हातात झाडू घेऊन, रोज सकाळी एकेक अक्षर शिकली. पहिल्या निवडणुकीच्या याद्या निघाल्या तेव्हा बायका आपलं नाव ‘अमक्याची बायको’ असंच सांगायच्या. देवाजीनं तळाला लिहिलं, ‘बायकांनी स्वतःचं नाव सांगावं.’ ते तिनं स्वतः वाचलं आणि नाव सांगून आली. छप्पनच्या दसऱ्याला पांढरं लुगडं नेसून दीक्षेला निघाली, तीही माझ्यावरची वेळ वाचून. पंधरा-वीस दिवसांनी मी नागपूरची राजधानी गेल्याची बातमी दिली, तर एक म्हातारा काळजीनं म्हणाला, “मंग आता रेल्वे थांबन ना इथं?”

पुढं ट्रान्झिस्टर आला, टीव्ही आला. माझ्यावर फक्त मयताच्या वेळा उरल्या. देवाजीची वेळ सिंधूताईनं स्वतःच्या हातानं लिहिली, तारखेसकट. वाचनालय रस्त्यात गेलं तेव्हा तिनंच मला घरी आणलं आणि पुढं दीप्तीनं हौसेनं मागितलं म्हणून तिला दिलं.

आज सकाळी सिंधूताई इथं आली. नातू अंकुशनं हाताला धरून आणली. अंगावर पांढरं लुगडं.

“आजी! तू काहून त्रास घेतला वं? मी येऊनच राहिली होती,” दीप्ती म्हणाली.

“रोज नेसून दारात बसून राहते,” अंकुश म्हणाला. “फोनवर तू उद्या येतो म्हणते ना.”

सिंधूताईचं लक्ष माझ्याकडं गेलं. ती जवळ आली, बोट ठेवून तिनं ओळ वाचली. उ... द्या... सावकाश, शेवटपर्यंत. मला वाटलं, फळ्या उकलाव्यात आणि खाली पडावं. शहात्तर वर्षांनी त्याच बाईला मी पुन्हा फसवलं होतं.

“कवा लिहिलं हे?”

“बावीस दिवस झाले, आजी,” दीप्ती म्हणाली.

मित्रांनो, मला पुसा, विका, चुलीत घाला; माझी तक्रार नाही. पण कुणी तुमच्या शब्दावर दारात बसलं असेल, तर त्या शब्दाला तारीख घाला, आणि पुसण्याआधी तो खरा करा.

सिंधूताईनं पदराच्या टोकानं ती ओळ पुसली. मग नातीकडं वळली. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

“तुह्या आजोबानं मले तीन दिवस उभं केलं, तवा मी सोळाची होती. तू बावीस दिवस उभं केलं, दीप्ती, अन् मी ब्याण्णवची आहे. माह्यापाशी आता लय उद्या नाही उरले, बाई. मी रांगेतून निघाली.”