जखमेवर बांधलेला पुदिना

मित्रांनो, मी एक जुना पुदिना आहे. टोकावड्याला, माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, हिराबाईच्या घरामागे हातपंपाच्या ओघळावर मी वाढलो. कापून घेण्यातच माझं आयुष्य गेलं. सकाळी विळा चालायचा, माझ्या जुड्या ढाब्यांवर जायच्या, तिथे मला चटणीसाठी वाटायचे. मुळं शाबूत राहिली की मी पुन्हा फुटायचो.

हिराबाईची मुलगी रविना मुरबाडच्या कॉलेजात विज्ञान शिकते. तिने एकदा माझ्या तेलाचा थेंब जंतू वाढवायच्या बशीत ठेवला. थेंबाभोवती जंतू वाढलेच नाहीत, स्वच्छ गोल राहिला. हे तिने घरी सांगितलं तेव्हा मी सुखावलो. माझा वास हे माझं हत्यार आहे, हे माणसांना कळलं होतं. हिराबाईने मात्र एवढंच लक्षात ठेवलं की पुदिना जंतू मारतो.

हिराबाईच्या मेलेल्या दिराचा मुलगा साईनाथ. तो तिच्याच हाताखाली वाढलेला. माझ्या जागेवर त्याला ढाब्याची शेड टाकायची होती आणि ती नको म्हणत होती. एप्रिलमधल्या एका दुपारी तो कोयता घेऊन आला आणि मला छाटत सुटला. माझा रस त्याच्या तोंडावर उडत होता. हिराबाईने मध्ये हात घातला. कोयता थांबला नाही. तिचं रक्त माझ्या देठांवर पडलं, ते कढत होतं. साईनाथने ते पाहिलं, कोयता टाकला आणि तो निघून गेला.

हिराबाईने माझीच तुटलेली पानं उचलली. न धुता दगडावर ठेचली, जखमेत भरली आणि वर चिंधी बांधली. रविनाला तिने विळा लागल्याचं सांगितलं. दवाखान्यात गेलं तर डॉक्टर विचारणार, पोलीस येणार, पोर आत जाणार, ही तिची भीती.

मी त्या जखमेत होतो. जमेल तेवढा लढलो. पण घाव हाडापर्यंत गेला होता, आणि माझ्या पानांची माती माझ्यासोबतच आत शिरली होती. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. पू झाला, ताप चढला.

रविनाने चिंधी सोडली आणि जखम निरखून पाहिली.

"बशीतलं जंतू येगळं, आई, आन् हातातलं येगळं," ती म्हणाली. "आन् हा विळ्याचा घाव नाय. कोणी मारलं?"

हिराबाई चिंधी पुन्हा हातावर ओढू लागली. दवाखान्यात न्यायला गावात तेव्हा दुसरी गाडी नव्हती, म्हणून रविना साईनाथकडेच गेली. तो मान खाली घालून मोटारसायकल घेऊन आला. मध्ये हिराबाई, मागे तिला धरून रविना. तशीच मोटारसायकल मुरबाडच्या दवाखान्यात पोचली.

डॉक्टरांनी माझी पानं चिमट्याने एकेक करून बाहेर काढली आणि कचऱ्यात टाकली. जखम धुतली, इंजेक्शन दिलं. मग विचारलं, हे कशाने झालं. साईनाथ दारातच उभा होता. हिराबाईने त्याच्याकडे पाहिलं. लपवण्यापायी हातच जायची वेळ आली होती.

"ह्यानं कोयता मारला," ती म्हणाली. "माज्या पोरासारखा हाय. पन ह्यानंच मारला."

साईनाथ पळाला नाही. पोलीस येईपर्यंत तो बाकड्यावर बसून राहिला. हिराबाईचा हात वाचला, दोन बोटं मात्र आता वाकत नाहीत.

मित्रांनो, माझा गुण खोटा नाही. मला चटणीत वाटा, माझं तेल बशीत तपासा. पण खोल जखमेवर मला बांधू नका, तिथे डॉक्टरच हवा. आणि मारणाऱ्याचं नाव झाकायला तर माझं एक पानही तोडू नका.