ओवाळायचा राहिलेला भाकरतुकडा

"खिडकी लाव आधी! रस्त्यावरनं दिसतंय."

हौशीरामने सकाळपासून हे तिसऱ्यांदा सांगितलं. ऋतिकाने खिडकी लावली आणि पुन्हा येरझाऱ्या सुरू केल्या. दारापासून कपाट, कपाटापासून दार. पोलंडहून येऊन पोरीला आज आठवा दिवस, आणि आठ दिवसांत तिने पिंपरी पेंढारचा रस्ता पाहिला नव्हता. काय गुन्हा केला होता तिने? काही नाही! ती फक्त ठरल्या दिवशी घरी परत आली होती.

मंडळी, घोळ कुठे झाला ते सांगतो. पुण्याच्या तिच्या शेतकी कॉलेजातून चार जण अदलाबदलीच्या योजनेत पोलंडला निवडले गेले. एक सत्र तिथे शिकायचं, परत यायचं आणि शेवटचं वर्ष इथे पूर्ण करायचं. कागदावर स्वच्छ लिहिलेलं. पण आमच्या हौशीरामने कागद कशाला वाचावा? त्याने थेट स्टँडवर फ्लेक्स लावला. 'परदेशी रवाना!' लेकीचा फोटो एवढासा आणि शेजारी फेटा बांधलेला स्वतःचा हा मोठा! शाल झाली, नारळ झाला, डीजे झाला. परदेशी गेलेलं माणूस तिकडंच राहणार, असं आपण सगळ्यांनीच धरलेलं असतं. पाच महिन्यांत पोरगी परत आली म्हटल्यावर लोक विचारणारच, "का हो, जमलं न्हाई का?" त्या एका प्रश्नाच्या धास्तीने हौशीरामने तिला अंधार पडल्यावर मागच्या दाराने घरात घेतली. आई सुंदरा भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढच्या दारात उभी होती. ती तशीच उभी राहिली.

"पप्पा, सोमवारी माझं कॉलेज सुरू होतंय," ऋतिका म्हणाली.

"जा की. पर कुणी इचारलं तर सुट्टीवर आलेय म्हन. पुन्यांदा जायचं हाय म्हन."

"खोटं कशाला बोलायचं?"

"गावात तोंड दाखवायला जागा राहनार न्हाई मला!"

इतक्यात मागच्या दारातून संस्कृती आत आली. शेजारच्या कुंडलिकची ही मुलगी, त्याच कॉलेजात दोन वर्षं मागे. पोरीचे डोळे रडून सुजले होते.

"ताई, यंदा माझा नंबर लागलाय. बाबांच्या सहीचा कागद पाचच्या आत पाठवायचाय. पण बाबा सही करीनात. तू त्यांना खिडकीत दिसलीस. म्हणतात, ऋतिकाला तिकडनं हाकलून दिलं, म्हणून ती तोंड लपवून बसलीय. खरं का गं?"

ऋतिकाने चपला पायात घातल्या. हौशीराम दारात आडवा झाला.

"बाहेर पाऊल टाकायचं न्हाई!"

"पप्पा, तुमच्या लपवण्यापायी हिचं जाणं बुडतंय! पाचला दोन तास राहिलेत!"

हा गलका चालू असतानाच धोंडाबाई आली. ही हौशीरामची चुलती, अजूनही वीस मेंढरं राखून माळावरच राहते. हातात काठी, पायाला चिखल.

"हौश्या, पोरगी आठ दिस झालं आली आन मला आज कळतंय? सुंदरे, भाकरतुकडा ओवाळला का?"

"न्हाई, आत्याबाई." सुंदराने मान खाली घातली.

"काकू, पोरगी माघारी आली. लोक हसतील," हौशीराम पुटपुटला.

धोंडाबाई उंबऱ्यावरच बसली. "माघारी आली म्हणून हसतील? आरं, दिवाळी झाली की आमी मेंढरं घेऊन घाट उतरायचो, पार कोकणात. पावसाच्या तोंडाला माघारी. शिवंवर बाया भाकरतुकडा घेऊन उभ्या असायच्या. तिकडं जमलं न्हाई का, आसं एकीनं तरी इचारलं का? माघारी यायचं म्हणून तर जायचो! एक साल मी बाळंतपणाला घरी व्हते. समदी आली, तुझा चुलता आला न्हाई. तापानं तिकडंच गेला. माझ्या हातातला तुकडा तसाच राहिला, हौश्या. आन तू जित्या लेकीला मागल्या दारानं घेतोस?"

हौशीरामला बसवेना, उभं राहवेना. त्याने ऋतिकाकडून तिच्या योजनेचा कागद मागितला आणि बोट ठेवून पहिल्यांदा वाचला.

"आगं, माघारी यायचंच व्हतं की हितं!"

"तेच तर सांगतेय आठ दिवस!"

हौशीरामने तिचा हात धरला, जिथून आत घेतली होती त्याच मागच्या दाराने बाहेर काढलं आणि वळसा घालून भर उन्हात रस्त्यावर आणलं. गिरणीपाशी बसलेली माणसं उठून उभी राहिली. त्यांत कुंडलिकही होता.

"कुंडलिकराव, माझ्या पोरीला कुणी हाकललं न्हाई! तिचं शिकनं झालं, ती आली. लपवली मी. चूक माझी हाय राव, तुमच्या पोरीला सजा नको!"

कुंडलिक जवळ आला. त्याचा आवाज एकदम खाली गेला. "ऋतिका, खरं सांग. आमची एकटी पोर तिकडं राहील का?"

"पहिले पंधरा दिवस लई रडू येतं, काका. मीही रडले. मग सवय होते. तिकीट जायचं-यायचं दोन्ही असतं."

कुंडलिकने खिसे चाचपले. "पेन हाय का रं कुणाकडं?"

संस्कृती कागद आणायला पळाली. सुंदराने मात्र कुणाची वाट पाहिली नाही. ऋतिका पुढच्या दारात येताच तिने लेकीच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून लांब टाकला आणि तिला पोटाशी धरून हुंदका दिला. धोंडाबाईनेही पदर डोळ्यांना लावला.

बंधूंनो, भगिनींनो, जाणाऱ्याला आपण नारळ देतो आणि येणाऱ्याला प्रश्न विचारतो. ही खोड आता सोडूया! चार गोष्टी शिकून घरी आलेलं लेकरू हरलेलं नसतं. त्याला पुढच्या दारानेच आत घ्या.