गावाचं पहिलं मूल

"आजी, जन्म एक वर्ष पुढे ढकलला तर तुमचं काय बिघडणार आहे?" सांस्कृतिक भवनाच्या इन्नाने पुन्हा तेच विचारलं, तेव्हा अनफीसा सावेल्येव्नाने कोबी चिरायची सुरी खाली ठेवली.

सुखोयार्स्क या कोळसाखाणीच्या गावाला पंचाहत्तर वर्षं होत होती. गावात जन्मलेल्या आणि अजून जिवंत असलेल्यांत अनफीसा सगळ्यांत जुनी, म्हणून 'गावाचं पहिलं मूल' हा मान तिला द्यायचं घाटत होतं. पंचाईत एवढीच, की सरकारी दप्तराप्रमाणे गाव वसलं एकोणीसशे पस्तीस साली, कोळशाची पहिली गाडी निघाली तेव्हा. आणि अनफीसा जन्मली त्याच्या आदल्या वर्षी. म्हणजे गाव नव्हतंच, आणि ही बया त्यात जन्मून बसली होती.

"मग माझी आई बाळंत कुठे झाली? हवेत?" अनफीसा म्हणाली.

इन्नाने समजूत घातली, की हे सगळं सगळ्यांना माहीत आहे, पण उत्सवात असले विषय बरे दिसत नाहीत. चौकात हातोडीवाल्या भूगर्भतज्ज्ञाचा पुतळा होता. त्याला टेकडीत काळा दगड दिसला आणि गाव उभं राहिलं, असं शाळेत शिकवत. तो आला होता हे खरंच. पण त्याच्या मागून मालगाड्या आल्या. सरकारने घरदार, गुरंढोरं काढून घेतलेले शेतकरी बायकापोरांसकट बर्फात उतरवले गेले. जमिनीत खड्डे खणून, वर फांद्या आणि माती टाकून ते राहिले. खाण खोदली ती त्यांनी. त्यांतल्याच सावेलीच्या, म्हणजे अनफीसाच्या बापाच्या, बायकोला अशा एका खड्ड्यात मुलगा झाला. येफीम. दुसरा हिवाळा काही त्याने पाहिला नाही. अनफीसा त्याच्या पाठची.

वर्षाचं तिने सोडूनही दिलं असतं. उभा जन्म खाणीच्या दारात कामगारांना दिवे वाटण्यात गेला होता. सरकारी थापा तिला नव्या नव्हत्या. पण पहिली ती नव्हती, येफीम होता; तेच तिने इन्नाला सांगितलं.

"मेलेल्याचा सत्कार कसा करणार, आजी?" इन्ना वैतागून उठली.

सून रायाही वैतागलीच. "आई, मुकाट्याने घ्या ना. विजेची किटली तरी मिळेल. आपली गळतेय."

समारंभाच्या दिवशी अनफीसा मंचावर गेली. नगराध्यक्षांनी तिच्या खांद्यावरून लाल पट्टा घातला, आभाराचे दोन शब्द बोलायला सांगितले.

"मी दुसरी," ती ध्वनिक्षेपकात म्हणाली. "पहिला माझा भाऊ..."

इन्नाने हात हलवला आणि बँड सुरू झाला. अनफीसा थांबली. पाळी बदलताना दिव्यांसाठी धक्काबुक्की करणारे खाणकामगार शांत होईपर्यंत थांबायची, तशी. फुंकणाऱ्यांचा दम संपला. तिने परत सुरुवात केली, बँडही परत सुरू झाला. तिसऱ्या वेळी मात्र म्हाताऱ्या लुकियानने तुतारी गुडघ्यावर ठेवली. त्याचा बापही मालगाडीतूनच उतरलेला. त्याच्याकडे बघून बाकीचे थांबले.

"माझा भाऊ येफीम," अनफीसा म्हणाली. "तो पहिला. गाव त्याच्या आधीपासून होतं."

टाळ्या वाजल्या नाहीत. नगराध्यक्षांनी घाईघाईने किटली तिच्या हातात दिली आणि शाळेच्या मुलींचा नाच सुरू झाला.

घरी येईपर्यंत राया धुसफुसत होती. चारचौघांत शोभा झाली, आता इन्ना नातवाला भवनातल्या नाचाच्या वर्गात घेते की नाही देव जाणे, सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचं उकरून कोणाचं भलं झालंय, असं बरंच काही.

वाडग्यात कोबीचं सूप वाढताना मात्र रायाचा हात थांबला.

"कसा होता हो तो?"

"मला काय माहीत?" अनफीसा खेकसली. "मी कुठे होते तेव्हा? आचरटासारखं काहीतरी विचारतेस."

तिने पाव मोडला, सुपात बुडवला. तो फुगला, पण तिने उचलला नाही.

"कान मोठे होते, म्हणायची आई," ती म्हणाली. "टोपी कितीही खाली ओढली तरी बाहेर राहायचे."