कोंड्याचं पाणी

अर्जुनराव देशमुखाची कोंबडीची सात पिल्लं आठवड्याभरात लुळी पडली. मान उलटी पाठीवर, चोच आभाळाकडं. उभं करावं तर दोन पावलं झोकांड्या खाऊन कलंडायची. देशमुखानं चावडीवर सांगून टाकलं, ती सांभाळणाऱ्या रहिमाबीनं भानामती केली. ऐतवारपर्यंत पिल्लं चालली नाहीत तर तोंडाला काळं फासून तिला शिवेबाहेर काढायची. चावडीवर वीसेक बाप्ये बसले होते. निम्म्यांच्या कोंबड्या रहिमाबीनंच दुखण्यातून जगवलेल्या. एकानंही तोंड उघडलं नाही.

पिल्लं झुंजीच्या असील जातीची. देशमुखानं अंडी हैदराबादेहून भुशात घालून आणली, रहिमाबीच्या खुडूक कोंबडीखाली उबवून घेतली आणि पिल्लं फुटताच आपल्या घरी फरशीच्या खोलीत कोंडली. माती नको, किडा नको, ज्वारी तर नकोच. माणसं सणाला भात बघतात त्या मुलखात पिल्लांना रोज तांदूळ, तोही तीनदा सडून पांढराफेक केलेला. बघायला रहिमाबी.

तिच्या स्वतःच्या अंगणात त्याच दिवशी फुटलेली पिल्लं उकिरडा उकरत धावत होती. हात तोच, दिवस तोच. फरक होता खाण्याचा. देशमुखाकडं तांदूळ सडणारी केशरबाई सुपातला कोंडा रहिमाबीला द्यायची, तिची पिल्लं त्यावर पोसलेली. हे तिनं देशमुखाला तोंडावर सांगितलं. तो हसला. आमच्यात कोंडा ढोरं खातात म्हणाला. आणि दारावर बंकट नावाचा गडी बसवला. तांदूळ आणि पाण्याशिवाय आत काही जाता कामा नये.

गुरुवारी सकाळी तिनं कोंडा भिजवला, कुस्करला, फडक्यातून गाळला आणि गाडगं घेऊन दारात आली. तोवर दोन पिल्लं मेली होती. बंकटनं गाडग्यात बोट बुडवून चाटलं.

"चाची, हे कोंड्याचं पाणी हाय."

"हाय."

"मालकाला कळलं तर तुज्याबरूबर मला बी काढतील."

"मग जा, सांग. पर मला आत सोडून जा."

बंकट जागचा हलला नाही. दारात आडवे पसरलेले पाय मात्र बाजूला घेतले.

आत तिनं पाच चुंबळी मांडल्या आणि एकेका चुंबळीच्या पोकळीत एकेक पिल्लू बसवलं, म्हणजे ते कलंडत नाही. मान हातानं सरळ धरायची, चोचीच्या कडेला थेंब सोडायचा, घोट उतरला की दुसरा. घाई केली तर पाणी श्वासात जाऊन पिल्लू तिथंच मरतं. मेलं तर तिचंही संपलं. दिवसभर तिनं तेवढंच केलं. शुक्रवारी दुपारी एकाची मान सरळ झाली. शनिवारी पाचही उभी होती, लटपटत, पण आपल्या पायावर.

ऐतवारी देशमुख चावडीवरची माणसं घेऊन आला. पिल्लांकडं बघितलं आणि म्हणाला, "बघा बे. माज्या धाकानं भानामती मागं घेतली हिनं."

पिल्लं मेली तर ही चेटकीण, जगली तरी चेटकीण. असला न्याय करायला जहागिरी लागते, अक्कल लागत नाही. माणसं मान डोलवायला लागली. एकानं काळं आणायला माणूस धाडायचा का विचारलं.

रहिमाबीनं कोंड्याच्या पाण्याचं गाडगं सगळ्यांसमोर उचललं.

"मी जाते सिरसाळ्याला, लेकीकडं. तुमी चार दिस नुसता तांदूळ घाला. ही परत पडली तर भानामती कुणाच्या हाताची हाय ते समद्यांनी बघावं."

 देशमुख पिल्लांकडं बघत राहिला. त्यातला एक नर आताच छाती काढून उभा होता. चार दिवस नुसता तांदूळ घालायची देशमुखाची छाती झाली नाही. काठीची मूठ चोळत त्यानं विचारलं, कोंडा किती घालायचा.

"आदी चावडीवर जे बोललात ते मागं घ्या. मग सांगते."

देशमुखाचं तोंड काळंठिक्कर पडलं. बंकट दारातून सरळ त्याच्याकडं बघत होता, नोकरानं बघू नये तसं.

"भानामती न्हवती," देशमुख मिशीतल्या मिशीत पुटपुटला.

"मागच्यांना ऐकू न्हाई आलं, मालक," रहिमाबी म्हणाली.