मागच्या शनिवारचा परशा

एझ्राकाकांनी चष्मा पुसला, पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली, “आणि कोरह उठला, त्यानं मोशेच्या विरुद्ध माणसं जमवली…”

मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होते. ऐकलं आणि हातातला साखरेचा डबा तसाच राहिला. कोरह तर मागच्याच शनिवारी वाचून झाला होता.

दारातून डोकावून पाहिलं. काकांची मान पुस्तकात इतकी खाली गेलेली, की चेहरा दिसू नये. पलंगावर उशीला टेकून रिबकामावशी ऐकत होत्या. त्यांचे डोळे साखरेनं नेले आणि गेल्या दिवाळीत अर्धांगाचा झटका आला, तो उजवी बाजू घेऊन गेला. मी नर्स आहे. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात ड्युटी करते आणि यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहते. मावशींचं इन्सुलिन, बीपी, हातापायांचा व्यायाम हे सगळं माझ्याकडं. दुसरा झटका सोसणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

आणि त्यांचा एकुलता एक मुलगा शमुवेल मंगळवारी गेला होता. तिकडं इस्राएलमध्ये, एका इमारतीच्या बांधकामावर परांची कोसळली आणि खाली तो होता. सुनेनं फोन केला तो माझ्या मोबाइलवर. मातीही त्याच दिवशी झाली, त्यांच्यात थांबत नाहीत. काकांना मी त्यांच्या दुकानात जाऊन सांगितलं. मावशींना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

“शनवार पार पडूं दे,” काका म्हणाले होते. “शब्बाथच्या तोंडावर असली बातमी घरात न्हाय न्यायची. आयतवारी तू रजा काढ, डॉक्टरला बोलावू, मग सांगू.”

मलाही ते पटलं होतं. चार दिवस आम्ही दोघं त्या घरात चोरासारखे वावरलो. काका जेवायला बसत आणि घास तोंडात फिरवत राहत. मावशींना दिसत नाही हा त्या चार दिवसांत आम्हाला आधार वाटला, आणि असं वाटल्याची मला शरम वाटली.

कोल्हापुरात हे एवढं एकच बेने इस्राएल घर. काकांचे वडील रेल्वेत होते, बदलीवर आले आणि इथलेच झाले. ‘आम्ही ज्यू’ म्हटलं की निम्मे लोक ‘जैन का?’ म्हणून विचारत आणि वर ‘कांदा-लसूण चालत नसंल की मग’ म्हणून काळजीही करत. काकांचं उद्यमनगरात मोटार वायंडिंगचं दुकान. कोडोलीहून कुणी पंपाची जळालेली मोटार टेम्पोत घालून शनिवारी आलं, की शटर बंद. उभं पीक वाळतंय म्हणून माणूस घरापर्यंत येऊन शिव्या घाली. काका त्याला चहा पाजत आणि म्हणत, “पावणं, देवानं सहा दिवसांत जग केलं, सातव्या दिवशी हात झाडून बसला. माझं काय त्याच्यापरीस जास्त अडलंय?” पावणं चहा पिऊन दुसऱ्या दुकानात जाई.

शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस; त्या दिवशी त्यांच्यात विस्तव पेटवत नाहीत. पूर्वी मावशी शुक्रवारीच चहा करून थर्मासात ठेवत. त्यांची नजर गेल्यापासून शनिवारचा चहा माझ्याकडं आला आणि चहाबरोबर परशाही. परशा म्हणजे तोराचा, त्यांच्या धर्मग्रंथाचा, त्या आठवड्याचा भाग. जगभर त्यांची माणसं तो शनिवारी वाचतात, वर्षात सगळी तोरा संपते आणि परत पहिल्यापासून. देवळात दहा पुरुष जमावे लागतात. इथं पुरुष एक. म्हणून काका मावशींसाठी घरीच मराठीतून वाचत आणि मग त्यावर बोलत. मला खरं तर पोथ्यापुराणांचा कंटाळा, आमच्या घरात ते वळणच नाही. पण काकांचं बोलणं ऐकण्यासारखं असे. पंचगंगेला महापूर आला त्या वर्षी नोहाच्या परशावर म्हणाले होते, “नोहा चांगला माणूस, पर त्यानं शेजाऱ्याच्या दारावर थाप मारली न्हाय. बोट असून एकटाच बसला.” आणि कोरहाच्या शनिवारी, म्हणजे गेल्याच आठवड्यात, राज्यात आमदारांची फोडाफोडी ऐन रंगात होती. काकांना कोरह आयताच सापडला. मावशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, शमूचा फोन आला. फोन स्पीकरवर असे. बापलेक दोघंही आपापला परशा एकमेकांना ऐकवत. त्यात यंदा एक गंमत झाली होती. वल्हांडणाचा सण तिकडं सात दिवस पाळतात, इकडं आठ. आठवा दिवस शनिवारी आला, की इकडचं नेहमीचं वाचन त्या दिवशी राहतं आणि पुढं कितीतरी आठवडे इकडचे लोक एका परशानं मागं. त्यामुळं शमू सारखा चिडवायचा.

“बाबा, तुमचा कोरह अजून भांडतोयच व्हय? आमच्यात त्यो कवाच जमिनीत गडप झाला. काल अहरोन मेला आमच्यात.”

“मोशेचा भाऊ. थोर माणूस,” काका म्हणाले.

“तुमच्यात अजून एक आठवडा हाय त्यो. जपा म्हाताऱ्याला,” असं म्हणून शमू हसला. ते त्याचं शेवटचं हसणं आम्ही ऐकलं.

आज अहरोनाचा शनिवार होता, आणि काका कोरह वाचत होते.

मावशींनी बराच वेळ ऐकून घेतलं. मी चहा गाळून आणला, कप त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “हे झालं ना मागच्या शनिवारी.”

“व्हय काय?” काका म्हणाले. “नजरचूक झाली.”

“खूण घालता तुम्ही पानात. लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे, तुमची खूण कधी चुकली नाही.”

“वय झालं, रिबका.”

“वय मोटारीची तार गुंडाळताना होत नाही वाटतं.”

मावशी मूळच्या रेवदंड्याच्या, बोलणं शांत. रागावल्या तरी आवाज चढत नसे. त्यांनी कप माझ्याकडं धरला, मी घेतला. काकांनी उगाच दोन पानं पुढं केली, एक मागं केलं. कागदाचा तेवढा आवाज झाला.

“तुम्ही पुढं जायला घाबरलात,” मावशी म्हणाल्या. “अहरोनाला मरू द्यायचं नाही तुम्हाला. शमू म्हणाला होता, जपा म्हणून.”

काकांनी पुस्तक मांडीवर टेकवलं.

“बुधवारपासून तुम्ही जेवत नाही. ही पोर माझं बीपी दिवसातून चार वेळा बघते. संघप्रिया, मला दिसत नाही गं. ऐकू येतं.”

मी काकांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. पण आता नको म्हणून काय उपयोग होता. दवाखान्यात मी किती जणांना ‘तुमचा माणूस गेला’ म्हणून सांगितलंय, पण तिथं माझ्या अंगावर पांढरे कपडे असतात.

“आमचा शमू आहे का?” मावशींनी विचारलं.

काकांच्या मांडीवर तोरा होती. त्यावर हात ठेवून त्यांना खोटं बोलता येईना, आणि खरं बोलायला शब्द फुटेना. शेवटी मीच म्हणाले, “न्हाय, मावशी. मंगळवारी गेला. कामावर परांची पडली. लगेच गेला, हाल झालं न्हाईत.”

मी त्यांची नाडी धरली होती. ती धावत होती. डोक्यात एकच, की आता तोंड वाकडं होईल, आता मान पडेल. तसं काही झालं नाही. मावशींनी आपला हात माझ्या हातातून सोडवून घेतला आणि पदराचं टोक शोधावं तसा गाऊनवरून फिरवला. मग म्हणाल्या, “आजचा परशा वाचा.”

“रिबका, न्हाय जमायचं मला.”

“जमेल. वाचा.”

काकांनी वाचलं. लाल कालवडीच्या राखेचा विधी झाला, मोशेच्या बहिणीचं, मिर्यामचं मरण झालं, खडकातून पाणी निघालं. मग होर डोंगर आला. मोशे अहरोनाला आणि त्याच्या मुलाला घेऊन डोंगर चढला. “मोशेनं अहरोनाच्या अंगावरचे कपडे काढले,” एवढं वाचून काका थांबले. परत वाचलं आणि परत तिथंच थांबले.

पुढचं मावशींनी तोंडपाठ म्हटलं, “आणि ते त्याच्या मुलाच्या अंगात घातले. आणि अहरोन डोंगराच्या माथ्यावर मेला.”

यावर काका एरवी अर्धा तास बोलले असते. त्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटून त्यावर ओठ टेकवले आणि भिंतीकडं तोंड करून बसले. त्यांचे खांदे हलायला लागले तशा मावशी म्हणाल्या, “आज नाही. शब्बाथ आहे. आज शोक करायचा नाही.”

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, “मावशी, राहूं दे की तो नियम आता. पोटचं पोर गेलंय. रडा तुम्ही, तुमच्या जिवाला बरं वाटंल.”

“रडायचंच आहे. सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसून दुसरं काय करणार आहे मी?” त्या म्हणाल्या. “हा दिवस देवाचा आहे. त्याचा त्याला देऊन टाकू दे.”

मला तो देव त्या वेळी समोर हवा होता. पण तिथं मावशी होत्या, आणि त्यांचं ऐकणं भाग होतं.

दुपारी त्यांनी शुक्रवारचा थंड भात माझ्या हातून खाल्ला. काकांनाही खायला लावला. व्यायामाची वेळ झाली तेव्हा पाय पुढं केला. वरच्या मजल्यावरच्या चिमणाबाई आमटी घेऊन आल्या, त्यांच्याशी पावसाचं बोलल्या, आणि चिमणाबाई “आज मावशी लई टवटवीत हाईत” म्हणत गेल्या. मी दर तासाला बीपी बघत होते. ते वाढलेलं होतं, पण धोक्याचं नव्हतं. मला त्या बाईचा संताप येत होता आणि तिला सोडून बाथरूमलाही जाववत नव्हतं.

संध्याकाळ झाली. तीन चांदण्या दिसल्या की शब्बाथ संपतो. आषाढातलं आभाळ, चांदण्या कसल्या दिसतायत. काका गच्चीवर जाऊन आले.

“झाकोळलंय सगळं. संपलं असं धरू या, रिबका.”

“थोडं थांबा,” मावशी म्हणाल्या. “घाई करून काय मिळणार आहे?”

आम्ही अंधारात बसलो. रस्त्यावरचे दिवे लागले, क्लासची पोरं ओरडत सुटली, रिक्षा गेल्या. पार काळोख झाल्यावर मावशींनीच हाक मारली.

“संघप्रिया, दिवा लाव. आणि कात्री आण.”

कात्री कशाला ते मला कळलं नाही. काकांना कळलं. ते उठून पलंगाजवळ आले.

“मला उभं करा,” मावशी म्हणाल्या.

“मावशी, दिवाळीपासनं उभ्या न्हाय राहिलात तुम्ही. बसूनच करा काय करायचं ते.”

“बसून नाही करत. उभं राहून कपडा फाडायचा असतो.”

मी मागून काखेत हात घातले, काकांनी पुढून धरलं. डावा पाय टेकला. उजवा नुसता लोंबत होता, त्याला मी माझ्या गुडघ्याचा टेकू दिला. त्यांनी सांगितलं तसं मी त्यांच्या गाऊनच्या गळ्याला उजवीकडं बोटभर कापलं. मुलासाठी उजवीकडं कापतात. पुढचं माणसानं स्वतः फाडायचं. मावशींनी डाव्या हातानं ती चीर पकडली आणि एका दमात छातीपर्यंत ओढली. कापड फाटल्याचा आवाज खोलीभर झाला.

“तुमचा,” त्या काकांना म्हणाल्या.

काकांनी शर्टाचा गळा धरला. जन्मभर तांब्याच्या तारा ओढलेली ती बोटं, पण त्यांना जोर येईना. मग मावशींनी चाचपडत त्यांचा गळा शोधला, मी कात्री लावली आणि मावशींनी तोही फाडला.

तेव्हा कुठं काका मोठ्यानं रडले. मावशी अजून उभ्याच होत्या. त्यांचा सगळा भार माझ्या हातांवर आला होता, हात भरून आले होते.

“बसवू का, मावशी?”

“बसव,” त्या म्हणाल्या. “पलंगावर नको. खाली.”

आम्ही दोघांनी मिळून त्यांना हळूहळू गार फरशीवर बसवलं.