नळीतला खरवस

दवाखान्याच्या दारात सुमो थांबली आणि आमच्या गावची माणसं तिच्यातून एकामागून एक उतरू लागली, तेव्हा मी यांची टोपी मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. सगळ्यांत पुढे माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, सदाशिवराव. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा. त्यांच्या मागे शेजारचा तानबा. त्याने बाही आधीच दंडापर्यंत चढवली होती.

"रजत, कुठं द्याचं हाय रक्त?" तो माझ्या मुलाला म्हणाला. "माह्यं आधी घ्या म्हणा. पोटभर जेवून आलो."

रजत वर्ध्याला नोकरीला. बोरगाव मेघेला घर. त्याने आदल्या दिवशी गावात फोन केला होता, की बाबांचा दात काढायचा आहे आणि त्याच्यासाठी रक्त घ्यावं लागतं. समुद्रपूरकडे आमच्या गावात रक्ताचं नाव निघालं की पुढचं कोणी ऐकत नसे. कोणाचं बाळंतपण अडो, कोणी गाडीखाली सापडो, सुमो ठरायची, धडधाकट माणसं बसायची आणि निघायची. ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद, तोही बसायचा. तशीच ती आली होती.

ही गोष्ट २००९ची. त्याच्या आदल्या दिवाळीनंतर यांच्या छातीत दुखलं आणि नागपूरला हृदयात स्प्रिंग टाकली. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की वर्षभर या गोळ्या एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत. आणि उन्हाळ्यात यांची दाढ उठली. गाल सुजून डोळा बारीक झाला. ज्या दातवाल्याकडे जावं तो म्हणे, गोळ्या बंद करा मग काढतो, नाहीतर रक्त थांबणार नाही. गोळ्या बंद कराव्या तर हृदयाची भीती, चालू ठेवाव्या तर दाढेची. हे भिंतीला टेकून बसल्या बसल्या रात्र काढत. ताक-भात तेवढा गिळत. माझ्यावर ओरडायचंही त्यांनी सोडलं होतं, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटत होती.

वर्ध्याच्या या दवाखान्यातल्या डॉक्टर मंजुषा मात्र हो म्हणाल्या. नागपूरच्या डॉक्टरांशी त्या फोनवर बोलल्या. "गोळ्या चालूच ठेवू," त्यांनी मला सांगितलं. "काकांचंच थोडं रक्त काढायचं, लगेच मशीनमध्ये फिरवायचं. त्याचा एक घट्ट गोळा तयार होतो. दात काढला की तो त्या खड्ड्यात ठेवायचा आणि वरून टाके घालायचे. रक्त धरायला मदत होते, जखमही लवकर भरते."

तेच आता त्या बाहेर येऊन सुमोतल्या माणसांना सांगत होत्या. "तुम्ही सगळे आलात, चांगलं वाटलं. पण दुसऱ्या कोणाचं रक्त नको आहे."

"मंग आम्ही काय शेंगा खाले आलो?" तानबा बाही खाली करायला तयार नव्हता. "बी पॉझिटिव्ह हाय जी. शिबिरात देल्लं त डॉक्टर म्हणे, फस्टक्लास रक्त हाय."

"असेल हो. पण काकांना काकांचंच लागतं."

सदाशिवराव पुढे आले.  दुपट्टा सावरून ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, एक सांगा. याचं रक्त गोळ्यायनं पातळ केलं, म्हणून थांबत नाई. बरोबर?"

"बरोबर."

"आन् त्याच पातळ रक्तानं तुम्ही भोक बुजवणार. फुटलेला बांध पाण्यानं बुजवते का कोणी?"

त्या समजावू लागल्या, पण भासऱ्यांनी मान हलवली. "आमचं घट्ट रक्त दारात उभं हाय, ते नाई पाह्यजे. बिमार माणसाचंच काढता. हा कुठला न्याय?" मग ते दारातून आत पाहत म्हणाले, "चंद्रभान, ऊठ. गाडीत बस."

आणि हे उठले. साठी ओलांडलेला माणूस, घरात नातवंडं, पण मोठ्या भावाचा शब्द आला की पाय आपोआप चपला शोधत. रजतही खाली पाहू लागला.

माझं लग्न होऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत मी भासऱ्यांशी एक शब्द बोलले नव्हते. आमच्यात तशी रीतच नव्हती. ते आले की डोक्यावरून पदर घेऊन आत जायचं. काही सांगायचंच असलं तर पोराला पुढे करायचं. त्यांनाही चहा हवा असला तर ते खांबाकडे पाहून म्हणत, "चहा होते का?" वाईट माणूस नव्हता तो. माझ्या बाळंतपणांत त्यांनीच गाय आमच्या गोठ्यात आणून बांधली होती. आता ते नाहीत.

सवयीने मी रजतला म्हटलं, "तुह्या मोठ्या बाबाले सांग..."

रजतने वर पाहिलंच नाही. हे एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होते. सुजलेल्या गालावर हात होता.

मी उठले. भासऱ्यांना काय म्हणून हाक मारायची तेच मला माहीत नव्हतं. पोरं म्हणत तेच तोंडात आलं.

"मोठे बाबा," मी म्हटलं, "घरी नेऊन मी काय करू यायचं? माणूस बसून बसून रात्र काढते. विरजण लागलं का नाई, हे दह्याच्या गंजात पाह्यल्यावर समजते. दारात उभं राहून नाई समजत. दात मंग पाहू. आधी यायचं रक्त नळीत घेऊ द्या, तुमच्या डोयासमोर. जमलं त दात. नाई जमलं त मीच यायले गाडीत बसवतो."

तानबा छताचा पंखा पाहू लागला.  सदाशिवराव माझ्याकडे न पाहता डॉक्टरांना म्हणाले, "बाई काय म्हणते, आयकलं ना? मंग काढा नळीत."

"हे चालेल," डॉक्टर म्हणाल्या. "नीट जमलं नाही तर मीही आज दाताला हात लावणार नाही."

यांच्या दंडाला पट्टा बांधून त्यांनी रक्त काढलं आणि नळ्या भराभर मशीनमध्ये ठेवल्या. मशीन मिक्सरएवढीच होती, आवाजही तसाच. बाकीच्यांना बाहेर पाठवलं. भासरे एका बाजूला उभे राहिले, मी दुसऱ्या. हे खुर्चीत डोळे मिटून पडले होते. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही आठवेना. नळीत नुसतं पाणी राहिलं तर? गोळ्यांनी या माणसाच्या अंगातलं सगळंच पातळ केलं असेल तर?

मशीन थांबली. डॉक्टरांनी नळी उजेडात धरली. खाली काळपट लाल, वर पिवळसर पाणी आणि मधे काहीतरी फिकट, धरून बसलेलं. चिमट्याने त्यांनी ते बाहेर काढलं. लोंबलं, पण गळलं नाही. गाय व्याल्यावर चिकाचा खरवस होतो ना, त्याच रंगाचं, तसंच थरथरणारं.

भासऱ्यांनी चष्मा लावला. पार नाकाजवळ नेऊन पाहिलं.

"हे याच्याच रक्तातून निंगालं?"

"यांच्याच. गोळ्यांनी रक्त गोठायला उशीर लागतो, पण गोठायचं थांबत नाही. जखम धरून ठेवणारा भाग आपण वेगळा काढला, एवढंच. टाके तर घालणारच आहे मी, आणि रक्त थांबल्याशिवाय काकांना सोडणार नाही."

"काढा दात," भासरे म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

दाढ निघाली. खड्ड्यात तो गोळा बसवून वरून टाके घातले आणि यांना कापसाची घडी दाबून धरायला सांगितली. पहिली घडी काढली ती लालभडक. दारातून पाहणाऱ्या रजतचा चेहरा उतरला. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "एवढं येतंच." दुसरी घडी गुलाबी निघाली. तिसरीवर नुसता डाग होता. मग त्यांनी यांच्या तोंडात बॅटरी धरली, बराच वेळ पाहिलं आणि मला जवळ बोलावलं. "बघा काकू." टाक्यांच्या खाली ते फिकट काहीतरी जागच्या जागी होतं. रक्त वाहत नव्हतं.

 मी सरळ खाली फरशीवर बसले.

बाहेर डॉक्टर सूचना देत होत्या. आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, गरम काही घ्यायचं नाही आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा तर आता कायमचा बंद.

"न थुकता माणूस कसा राह्यन बाप्पा?" तानबा कळवळून म्हणाला. सुमोत बसेपर्यंत सगळे हसत होते.

त्या रात्री आम्ही बोरगावला रजतकडे राहिलो. उशीवर मी जुनं पांढरं धोतर दुमडून घातलं होतं. सकाळी पाहिलं तर हे चक्क आडवे, घोरत. धोतरावर लाळेचा ओघळ होता, त्यात रक्ताची रेघसुद्धा नव्हती. मी ते खिडकीजवळ नेऊन उलटंपालटं करून पुन्हा पाहिलं.

जाग आल्या आल्या यांनी चहा मागितला. "गरम नाई भेटणार," मी म्हटलं.

"थंडा चहा कोण पेते?" अर्ध्या तोंडाने का होईना, हे माझ्यावर ओरडले. "काऊन, अक्कल गहाण ठेवली का?"

मी चहा बशीत ओतला आणि पंख्याखाली ठेवला. हे तिकडे बडबडत होते आणि मी मुकाट ऐकत होते.