मी, आजींच्या दाराची मूठ

मित्रांनो, मी आजींच्या खोलीच्या दाराची जुनी पितळी मूठ आहे. भट्टीत वितळले, साच्यात गोल झाले, कानशीने घासली गेले. एवढे सोसल्यावर कोणालाही ताठा येतो. मला जरा जास्तच आला.

दाराच्या बाहेरच्या बाजूला माझी जुळी बहीण आहे. आम्हा दोघींमधून एक चौकोनी सळई जाते. ती फिरली की दाराची जीभ आत सरकते. माझ्या पोटात एक बटण आहे. ते दाबले की बाहेरून कोणीही खटपट करो, दार उघडत नाही.

पूर्वी या खोलीत मुले अभ्यासाच्या नावाखाली झोपा काढत. माझ्यावर दप्तरे आणि ओले टॉवेल टांगत. रंगारी माझी मान रंगवून गेला. पुसायला कोणी आले नाही. मीही बोलावले नाही. मग आजी या खोलीत राहायला आल्या. दुपारी त्या बटण दाबून खुर्चीत बसत. बस्स.

त्यांचा मुलगा विम्याच्या कचेरीत काम करतो. त्याला माणूस चालताना दिसला तरी पडलेलाच दिसतो.

"आई, आत चक्कर येऊन पडलीस तर? ही मूठ काढून टाकतो. साधा, बटण नसलेला दांडा लावू."

"माझ्या दाराला हात लावायचा नाही."

"दार लावून तू करतेस तरी काय?"

"काही नाही. आणि काही न करताना कुणी बघत बसू नये, म्हणून लावते."

रविवारी तो पेचकस घेऊन आलाच. आजी खुर्चीतून हलल्या नाहीत. माझे स्क्रू कुठेच दिसेनात, म्हणून त्याने मला पिळले, ठोकले, शिव्या दिल्या. मी ढिम्म. दार हलते म्हणून त्याने ते घट्ट लावून घेतले. शेवटी माझ्या मानेतले बारीक भोक त्याला सापडले. त्यात टोक दाबताच मी त्याच्या हातात आले. विजयाच्या भरात त्याने सळई बाहेर ढकलली. बहीण सळईसकट पलीकडे धाडकन पडली. जीभ मात्र चौकटीत तशीच!

मायलेक आत कोंडले गेले.

"अगं!" तो भोकातून ओरडला. "ती सळई घाल आणि फिरव!"

"फिरवते," सूनबाई बाहेरून म्हणाल्या. "पण मूठ परत बसवणार ना?"

"ही काय धमकी आहे?"

"नाही हो, चौकशी आहे."

"मला घाई नाही," आजी म्हणाल्या. "माझीच खोली आहे."

तो पलंगावर बसला. आवाज एकदम उतरला. "आई, मला खरंच भीती वाटते गं."

आजींनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. "मग हाक मारत जा. मी ओ देईन. ओ आली नाही, तर खुशाल दार फोड."

सळई आत आली. त्याने मला स्वतःच्या हाताने परत बसवले. थोडी वाकडी, पण पक्की.

हल्ली दुपारी तो दाराशी येतो. "आई?"

"ओ! आता जा."

तो जातो. मित्रांनो, मला पॉलिश करू नका, तेलही घालू नका. आपल्या माणसांची काळजी मात्र जरूर घ्या. फक्त ती दाराबाहेर उभे राहूनही घेता येते.